डिमेन्शियाचं छोटं घर, इंदूर

डिमेन्शिया झालेल्या पाच-सात, फार तर आठ-नऊ जणांना एका साध्या राहत्या घरात ठेवून चोवीस तास सांभाळायचं, आणि ते करताना सगळ्यांना एकाच टाइमटेबलमधे न कोंबता ज्याच्या त्याच्या जुन्या सवयीने दिवस जाऊ द्यायचा, या पद्धतीला इथे छोटं घर म्हटलंय. ते हॉस्पिटल नाही आणि नेहमीचा वृद्धाश्रमही नाही. वृद्धाश्रमात माणूस आपलं आपण आवरतो, जेवणाची घंटा झाली की ताटावर येऊन बसतो असं धरलेलं असतं, डिमेन्शियात नेमकं तेच जमेनासं होतं, म्हणून बरेच वृद्धाश्रम निदानाचा कागद बघितला की गोड बोलून नाही म्हणतात. खालचं सगळं इंदूरच्या मराठी माणसांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, कारण गाव आणि भाषा बदलली की हे काम बरंच बदलतं.

आजार

आजीने आमटीत दोनदा मीठ टाकलं की घरातले साठी बुद्धी नाठी म्हणून हसतात, मग एक दिवस आजी चाळीस वर्षं राहत्या गल्लीतच रस्ता चुकते आणि तेव्हा डॉक्टर आठवतो. डिमेन्शिया म्हणजे एक आजार नव्हे, मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांतून होणारी अवस्था, त्यात सगळ्यात जास्त दिसणारा अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी त्याची पहिली केस 1906 मधे मांडली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा, मेंदूत लेवी बॉडी नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचून होणारा, आधी स्वभावच बदलवणारा फ्रंटोटेम्पोरल, असे बाकीचे प्रकार. 2023 मधे आलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांत प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे साधारण 88 लाख माणसं. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा फरक पडतो पण आजार मागे फिरत नाही, त्यामुळे उरतं ते सांभाळणं, आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

कल्पना कुठली

मोठ्या वॉर्डातून काढून लहान घरात ठेवायची सुरुवात 1980 च्या दशकात स्वीडनमधे झाली, मोटाला गावात 1985 मधे असं घर निघालं. ब्रिटनमधे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी आजाराआधी माणूस बघा हा विचार रुजवला. जपानमधे ग्रुप होम, म्हणजे अशाच लहान घराच्या एका युनिटमधे नऊच्या वर माणसं ठेवता येत नाहीत, हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नेदरलँड्समधे वेस्पचं होगेवेक, 2009 पासूनचं, म्हणायला अख्खं गाव पण आत एकेका घरात सहा-सात जणच. भारतात या आजारावर काम करणारी राष्ट्रीय संस्था एआरडीएसआय 1992 मधे केरळात सुरू झाली. आपल्याकडचा सरकारी विचार मात्र उलट दिशेचा, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जणांचा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय. निराधारांना छप्पर म्हणून ते योग्यच, पण 150 जणांत कोणाला चहात आलं चालत नाही हे कोण लक्षात ठेवणार.

भाषेचा प्रश्न

इंदुरात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. होळकरांची राजधानी 1818 मधे महेश्वरहून इथे आली, मराठी घरं त्याच्या आधीपासून आणि नंतरही येत राहिली, रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांत आजही मराठी कानावर पडतं. पण या पिढीने घरात मराठी आणि ऑफिसात, बाजारात, शेजारी हिंदी असं आयुष्य काढलंय. डिमेन्शियात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं मागे राहतं, भाषेचंही बरेचदा तसंच होतं, नंतर शिकलेली भाषा निसटते आणि लहानपणीची राहते. मग चाळीस वर्षं बँकेत अस्खलित हिंदी बोललेले नाना एक दिवस फक्त मराठीत बोलायला लागतात, आणि त्यांची अटेंडंट मुलगी धार किंवा खरगोनकडची, घरी मालवी नाहीतर निमाडी बोलणारी, तिला "मला लघवीला जायचंय" कळत नाही, ती मान हलवते, नाना चिडून उठतात, वाटेत कपडे ओले होतात आणि रात्रीच्या रिपोर्टमधे लिहिलं जातं की पेशंट अग्रेसिव्ह आहे. यात अग्रेसिव्ह काहीच नव्हतं.

यावर उपाय फार स्वस्त आहे. पन्नास-साठ मराठी वाक्यं देवनागरीतच लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावायची: तहान लागली, पोटात दुखतंय, थंडी वाजतेय, पांघरूण घाल, आई कुठे गेली. हिंदी येणाऱ्या माणसाला लिपी तीच असल्यामुळे ती आठवडाभरात तोंडी होतात.

हाक मारण्याचंही तसंच. सगळ्यांना सरसकट आजी-आजोबा म्हणायची पद्धत पडलीय, प्रेमानेच म्हणतात, पण जी बाई मनाने पस्तिशीत आहे, मुलांचे डबे भरायचेत म्हणून घाईत आहे, ती आजी या हाकेला ओ देणार नाही, तिला वाटतं मागे दुसऱ्या कोणाला बोलावतायत. कॉलनीत तिला ताई म्हणायचे का काकू, सासरी वहिनी का अक्का, हे भरतीच्या दिवशीच विचारून घ्यावं लागतं. मास्तर असतील तर मरेपर्यंत सर. आणि अहो-जाहोच, उघड्या अंगाला साबण लावतानाही.

वही

छोट्या घराचं खरं मशीन म्हणजे प्रत्येकाची एक वही. यात बीपी-शुगर नसतं, त्याची फाइल वेगळी. वहीत असतं ते असं की अंघोळ देवपूजेच्या आधी का नंतर, बादली-तांब्या का शॉवर, धोतर, पायजमा का लुंगी, उशाला पाण्याचा तांब्या लागतो का, कुठल्या कुशीवर झोप येते, कोणाचं नाव काढलं की रडू येतं, गेलेल्या नवऱ्याबद्दल विचारलं तर काय सांगायचं. घरच्यांना एका बैठकीत हे आठवत नाही, बरेचदा मुलगा पुण्याला आणि मुलगी बंगलोरला असते आणि त्यांना ठाऊक असलेला बाप वीस वर्षांपूर्वीचा असतो, तेव्हा जुनी कामवाली बाई किंवा शेजारच्या काकूंकडून जास्त माल मिळतो. पुढची पानं शिफ्ट बदलताना अटेंडंटने भरायची, हिंदीत का होईना.

वहीचा उपयोग काय ते एका उदाहरणाने कळेल. कापड मिलमधे आयुष्य गेलेला माणूस पहाटे उठून डबा मागतो आणि गेटाकडे धावतो, हुकुमचंद मिल 1991 मधे बंद पडली पण त्याच्या कानात भोंगा चालू आहे. मिल बंद झाली हे सांगून उपयोग नाही, ते त्याला रोज नव्याने कळतं आणि रोज तेवढाच धक्का बसतो. डबा हातात द्यायचा, अंगणात दोन फेऱ्या मारायच्या, मग आज सुट्टी आहे वाटतं म्हणून चहाला बसवायचं. हे खोटं बोलणं झालं का यावर या क्षेत्रातल्या लोकांत वाद आहे. प्रस्तुत लेखकाचं मत असं की भोंग्याला हो म्हणणं चालतं, पण "मुलगा आज संध्याकाळी येतोय" हे चालत नाही, कारण ते वाट बघत बसतात.

दिवस

सकाळी पालिकेच्या कचरागाडीचं गाणं वाजतं तेच या घराचं घड्याळ. डायपर ओल्या-सुक्यात चालत नाहीत, वेगळ्या डब्यात जातात, आणि आठ जणांच्या घरात तो डबा सगळ्यात आधी भरतो. नर्मदेचं पाणी 1978 पासून शहराला येतं पण नळाला साधारण एक दिवसाआड, चादरी मात्र रोज धुवायच्या, म्हणून टाकी किंवा बोअरिंग बघूनच घर भाड्याने घ्यावं. घर तळमजल्याचं, संडासचं दार भिंतीपेक्षा वेगळ्या ठसठशीत रंगाचं म्हणजे शोधावं लागत नाही, उलट बाहेरचं दार भिंतीच्याच रंगाचं. गॅसचा मुख्य कॉक कपाटात. आरशातला म्हातारा कोण म्हणून कोणी घाबरत असेल तर आरशावर पडदा.

नाश्त्याला पोहे लागणारच, इंदूर आहे. पण शेवटच्या टप्प्यात गिळणं बिघडतं, आणि कोरडे पोहे, वर शेव, हे मिश्रण घशात अडकायला अगदी योग्य, अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया. म्हणून पोहे जास्त भिजवून दूध किंवा ताकात मऊ करायचे, शेवेऐवजी वरून जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला, भुरभुरवायचं, वास तोच राहतो आणि वासाने भूक लागते. जिलबी शुगर बघून, पण ज्याचं वय 88 आहे त्याची जिलबी तोडण्यात डॉक्टरांनाही हल्ली फार रस नसतो.

दुपारी काम द्यायचं. शेंगा सोलणं, वाती वळणं, मटार. वळलेल्या वाती रात्री उकलून पुन्हा कापूस करून ठेवला तरी कोणाचं बिघडत नाही. पाठांतर फार टिकतं, नातवाचं नाव न आठवणारा माणूस रामरक्षा न अडखळता म्हणतो, कोणी पावकी-निमकी सुरू केली की दुसरा पुढे ओढतो. फोटो नातवंडांचे नकोत, त्यांच्या विशी-तिशीतले हवेत, 1984 मधे जळण्याआधीचा होळकरांचा राजवाडा दाखवला तर जे बोलणं निघतं ते आताच्या फोटोने निघत नाही.

मग दिवेलागण. याच वेळी बऱ्याच जणांची घालमेल वाढते, इंग्रजीतून आलेला शब्द सनडाउनिंग, आणि एकच वाक्य, मला घरी जायचंय. कोणतं घर ते विचारू नये, बहुधा ते माहेर किंवा लहानपणचा वाडा असतो. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावले की सावल्यांची भीती कमी होते. मराठी घरात या वेळेला निरांजन आणि शुभंकरोति असतंच, हात आपोआप जोडले जातात आणि पंधरा-वीस मिनिटं निघून जातात, परदेशात यासाठी ट्रेनिंग घेऊन अ‍ॅक्टिव्हिटी ठरवतात, आपल्याकडे ती आधीपासून आहे. सण मात्र जपून: रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, आणि दिवाळीचे फटाके हे दोन दिवस आतल्या खोलीत, पंखा आणि रेडिओ लावून काढायचे.

माणूस अचानक एका दिवसात फार बिघडला, बरळायला लागला किंवा नुसता पडून राहिला तर तो डिमेन्शिया वाढला असं समजू नये, तो सहसा इतका पटकन वाढत नाही. लघवीचं इन्फेक्शन, तुंबलेलं पोट, पाणी कमी पडणं किंवा नवी गोळी, आधी हे बघायचं. शांत ठेवायला देतात त्या अँटिसायकोटिक गोळ्यांनी डिमेन्शिया झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मधेच दिलाय, त्यामुळे रात्री स्टाफ कमी आहे म्हणून गोळी, हे सरळ चूक आहे.

माणसं आणि पैसा

आठ रहिवाशांना दिवसा तीन आणि रात्री दोन अटेंडंट धरले तर आठवड्याच्या 35 ड्यूट्या होतात, एक माणूस सहा करतो, म्हणजे सहा जण जेमतेम आणि कोणी आजारी पडणार, गावी लग्नाला जाणार म्हणून सात. शिवाय स्वयंपाकाच्या मावशी, सफाई, येऊन जाऊन नर्स आणि डॉक्टर. हा सगळा खर्च भागायला फक्त आठ. चाळीस जणांच्या केंद्रात जनरेटर, मॅनेजर, भाडं चाळिसांत वाटलं जातं, इथे एक खाट रिकामी झाली की आठवा हिस्सा गेला, आणि ती खाट रिकामी होते ती बहुधा मृत्यूने, लगेच भरायची घाई करणं बरं दिसत नाही पण भाड्याची तारीख थांबत नाही. म्हणूनच आठाचे बारा आणि बाराचे वीस होतात. बाराच्या पुढे वह्या कोणी वाचत नाही, अंघोळी नंबराने सुरू होतात, आणि बाहेरच्या पाटीवर अजूनही घर लिहिलेलं असतं.

कागद

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि दिशा-काळाचं भान यांचा बिघाडही आहे, आणि असे लोक जिथे देखभालीसाठी राहतात ती जागा मानसिक आरोग्य संस्था धरली जाते, नातेवाइकांबरोबर राहत असतील ते घर सोडून. त्यामुळे वृद्धाश्रम म्हणून पाटी लावली की झालं असं नाही, राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणीचं आधी विचारून घ्यावं. याच कायद्यात पुढे माझ्यावर कसे उपचार व्हावेत ते भानावर असताना लिहून ठेवायची सोय आहे, पण निदान झाल्यावर घरच्यांना ती कळेपर्यंत बरेचदा सही करायची वेळ निघून गेलेली असते. सहीवरून आठवलं, पेन्शनरांची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळेनाशी होते, तेव्हा नोव्हेंबरचं हयातीचं प्रमाणपत्र चेहऱ्याच्या स्कॅनने मोबाइलवर करता येतं, फक्त अंघोळ-चहा झाल्यावर, मूड बघून, आणि कॅमेऱ्याकडे बघा असं मराठीत सांगून. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567.