डेक कुजतो तो फळीच्या तोंडातून

कोकणपट्टीत आणि गोव्यात घरापुढे लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, बांधायची हौस अलीकडे फार वाढली आहे. समुद्राकडे तोंड, छपराबाहेर, उघड्या आभाळाखाली. टिकेल का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: अस्सल साग आहे, वरून वॉर्निशचे तीन हात दिलेत, आता चिंता नाही. लाकडाची जात आणि वरचा थर या दोनच गोष्टींवर सगळी भिस्त ठेवणारं हे उत्तर अपुरं आहे. काही पावसाळे खाल्लेला असा डेक नीट तपासून पाहा. फळीचा मधला भाग ठणठणीत असतो. भुसभुशीत होतात ती टोकं, सांधे आणि खालून आधार देणाऱ्या वाशावर टेकलेली बाजू. लाकूड एकच, वॉर्निश एकच, पाऊसही एकच. मग कूज नेमकी तिथेच का धरते?

आधी हवामानाचा हिशेब मांडू. अमेरिकी लाकूडशास्त्रज्ञ शेफर यांनी 1971 साली एक साधं सूत्र दिलं. जमिनीला न टेकलेल्या, पण उघड्यावरच्या लाकडाला कुजण्याचा धोका किती, हे त्यातून काढता येतं. महिन्याच्या सरासरी तापमानातून 2 वजा करायचे, पावसाच्या दिवसांतून 3 वजा करायचे, दोन्हींचा गुणाकार करायचा, बारा महिन्यांची बेरीज घेऊन तिला 16.7 ने भागायचं. वर्षाचा आकडा 35 च्या खाली असेल तर धोका कमी, 65 च्या वर असेल तर जास्त. आता कोकणातला जुलै घ्या. सरासरी 26 अंश आणि पावसाचे 28 दिवस धरले, तर 24 गुणिले 25 म्हणजे 600, भागिले 16.7, म्हणजे जवळजवळ 36. सूत्रानं पूर्ण वर्षासाठी घातलेली 35 ची मर्यादा आपला एकटा जुलै ओलांडतो. जून, ऑगस्ट, सप्टेंबर याच रीतीनं मिळवले की बेरीज 120 च्या आसपास जाते. आणि नोव्हेंबर ते एप्रिल? जवळपास शून्य. आपल्याकडच्या डेकला हे दोन्ही टोकाचे ऋतू सोसावे लागतात. उन्हाळ्यात लाकूड आकसून चिरतं आणि जूनमध्ये त्याच चिरांतून पाणी आत शिरतं.

दमट हवेनं लाकूड कुजतं, ही समजूत मात्र इथेच सोडायला हवी. लाकूड म्हणजे मेलेल्या पोकळ पेशींची रचना. पाणी त्यात दोन ठिकाणी राहतं: पेशींच्या भिंतींमध्ये, म्हणजे बद्ध पाणी, आणि पोकळ्यांमध्ये, म्हणजे मुक्त पाणी. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के पाणी भिंतींमध्ये मावतं. त्यापुढचं पाणी पोकळ्यांत साठतं. 30 अंश तापमानाच्या हवेत सापेक्ष आर्द्रता 90 टक्के असली, तरी नुसत्या हवेतून लाकूड साधारण 20 टक्क्यांपर्यंतच पाणी घेतं. कूज धरायला त्याहून बरंच जास्त लागतं, भिंती पूर्ण भरून पोकळीतही थोडं पाणी हवं असतं. ते फक्त प्रत्यक्ष पाण्यातून येतं: पावसातून, जमिनीतून, साठलेल्या थेंबातून. दमट हवेचा अपराध वेगळा आहे. ती लाकडाला वाळू देत नाही.

पाणी अति झालं तरी बुरशीची पंचाईत होते, कारण तिला हवाही लागते. व्हेनिसच्या इमारतींखालचे लाकडी खुंट चिखलात आणि पाण्यात बुडालेले असल्यानं शतकानुशतकं टिकून आहेत. बुरशीला या दोन टोकांच्या मधली स्थिती हवी असते, ओल आणि हवा एकत्र.

लाकडाच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात, त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निन गच्च बसलेलं असतं. सेल्युलोज म्हणजे साखळीत बांधलेली साखर, म्हणजेच बुरशीचं अन्न. ते तोडणारी एन्झाइम्स बुरशीकडे असतात. अडचण मापाची आहे. एन्झाइमचा एक रेणू साधारण 4-5 नॅनोमीटरचा किंवा त्याहून मोठा, आणि भिंत पूर्ण भिजून फुगली तरी तिच्यातल्या फटी साधारण 2 नॅनोमीटरच्या. निरोगी लाकडाच्या भिंतीत एन्झाइम शिरूच शकत नाही.

पाइनसारखं मऊ लाकूड खाणाऱ्या तपकिरी कुजीच्या बुरशीनं यावर काढलेला मार्ग मला जीवशास्त्रातल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटतो. ती एन्झाइमच्या आधी छोटे रेणू आत सोडते. ऑक्झॅलिक आम्ल लोहाच्या अणूंना पकडून विरघळलेलं ठेवतं. बुरशीनं तयार केलेली हायड्रोक्विनोन जातीची संयुगं भिंतीच्या आत त्या लोहाला एक इलेक्ट्रॉन देतात, म्हणजे फेरिकचं फेरस होतं. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडही पोचलेलं असतं. फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्मतो. ही अभिक्रिया रसायनशास्त्रात फेंटन यांच्या नावानं ओळखली जाते, त्यांनी तिचं वर्णन 1894 मध्ये केलं होतं. हा रॅडिकल इतका तापट की काही नॅनोसेकंदांत समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो. तो प्रवास करू शकत नाही, म्हणून त्याला भिंतीच्या आतच जन्माला घालावं लागतं. बुरशीचे धागे स्वतः पोकळीत सुरक्षित राहतात. सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात, फटी रुंदावतात, आणि मग एन्झाइम निवांत आत जातात. लाकडाचं वजन दहा टक्केही घटलेलं नसतं तेव्हाच त्याची ताकद निम्म्यावर आलेली असू शकते, याचं कारण हेच. डोळ्यांना फळी अजून शाबूत दिसत असते.

आपल्याकडच्या साग, ऐन, किंजळ अशा पानझडी झाडांच्या लाकडात बहुतेक वेळा पांढरी कूज होते. तिची रसायनं वेगळी. ती लिग्निनही फोडते आणि त्यासाठी मँगनीजसारख्या धातूचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, आत पाठवते. तत्त्व मात्र तेच. दोन्हींत छोट्या कणांना भिंतीतून सरकावं लागतं, आणि सरकायला सलग ओला रस्ता लागतो. ओल 15-20 टक्क्यांच्या खाली गेली की भिंतीतला हा रस्ता तुटतो, आयन जवळजवळ जागच्या जागी थांबतात. बुरशी मरत नाही, पण तिचं काम बंद पडतं. डेकच्या आयुष्याचा खरा हिशेब म्हणूनच तासांचा आहे: वर्षातले किती तास लाकडाचा एखादा भाग या मर्यादेच्या वर राहतो? फळीचा उघडा मधला भाग पावसाची उघडीप मिळाली की वाळतो. दोन फळ्या जिथे चिकटून बसतात, तिथे केशाकर्षणानं धरलेली पाण्याची पातळ चकती जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हलत नाही.

फळीची तोंडं त्याहून वाईट. झाडाच्या नळ्या खोडाच्या लांबीत असतात, त्यामुळे आडव्या कापलेल्या तोंडातून पाणी बाजूपेक्षा कितीतरी पटींनी वेगानं आत जातं. भाताच्या पेंढीचा बुडखा पाण्यात ठेवल्यावर ओल वर चढते तसंच. पण बाहेर पडताना शेजारची फळी तोंडाला तोंड लावून बसलेली असते. म्हणून तोंडं कापल्याबरोबर, फळी बसवण्याआधी, मेणाच्या इमल्शननं किंवा दाट रंगानं बंद करायला हवीत. बसवल्यानंतर ब्रश तिथे पोचत नाही. दोन तोंडं एकाच वाशावर भिडवू नयेत. तिथे जोडवासे देऊन मध्ये बोटभर मोकळी जागा सोडावी. वाशाच्या माथ्यावर ब्यूटाइल रबराची पट्टी चिकटवली की स्क्रूच्या भोकातून उतरणारं पाणी वाशात मुरत नाही. फळ्यांमधली फटही अंदाजानं ठेवायची गोष्ट नाही. साग हिरव्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत रुंदीत जास्तीत जास्त 5.8 टक्के आकसतो. ओल 12 वरून 30 टक्क्यांवर गेली, तर 100 मिलिमीटरची फळी सुमारे साडेतीन मिलिमीटर फुगेल. कोरड्या दिवसांत बसवताना 5 ते 6 मिलिमीटर फट ठेवली तरच श्रावणात हवा खेळेल. ऐनाची फळी सागापेक्षा जास्त आकसते-फुगते आणि वाळताना चिरतेही, तिला आणखी मोकळीक द्यावी.

सागाबद्दलचा आदर योग्यच आहे, फक्त तो सागाच्या गाभ्याला द्यायला हवा. गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी संयुगं असतात, बुरशी आणि वाळवी दोघींना ती नकोशी. शिवाय रबरासारखा आणि तेलकट अंश पाण्याला अडवतो. सालीलगतच्या फिकट लाकडात यातलं फारसं काही नसतं. ते सागाचं असूनही आंब्याच्या फळीइतकंच कच्चं. लागवडीचा, कमी वयात तोडलेला साग घेतला की त्यात हा फिकट भाग भरपूर येतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे खुंटे अर्धे जमिनीत गाडून ते किती महिने टिकतात हे पाहतात, आणि त्यावरून भारतीय मानकात प्रतवारी होते. सर्वांत वरचा वर्ग म्हणजे 120 महिने किंवा अधिक. सागाचा गाभा या वर्गात बसतो, आंबा सर्वांत खालच्या, 60 महिन्यांच्या आतल्या वर्गात. जमिनीतला खुंटा आणि हवेशीर फळी यांत फरक आहेच, पण ‘सर्वांत टिकाऊ’ या शब्दांमागची खात्री दहा वर्षांपासून सुरू होते, एवढं लक्षात ठेवावं.

याच संस्थेत सोंटी कामेसम यांनी 1930 च्या दशकात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण तयार केलं. पुढे अमेरिकेतले असंख्य डेक याच मिश्रणात मुरवलेल्या पाइनचे बांधले गेले. तांबं बुरशीला विष, आर्सेनिक वाळवीला आणि तांबं पचवणाऱ्या बुरशींना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात घट्ट धरून ठेवतं. काही बुरशी तांबं पचवतात ते त्याच ऑक्झॅलिक आम्लाच्या जोरावर: तांब्याचं न विरघळणारं ऑक्झॅलेट बनवून त्या विष बाजूला काढतात. आर्सेनिकच्या काळजीमुळे तिकडच्या उत्पादकांनी 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी हे मिश्रण थांबवलं. असं जुनं लाकूड कधीही जाळू नये.

आता खिळे. साधा लोखंडी खिळा ओल्या लाकडात गंजतो, एवढंच आपण पाहतो. पण लाकडातल्या आम्लामुळे सुटलेलं लोह भोवतालच्या सेल्युलोजच्या तुटण्याला चालना देतं. बुरशी मुद्दाम गोळा करते तोच धातू आपण ठोकून आत घालतो. खिळ्याभोवतीचा काळा डाग म्हणजे लोह आणि टॅनिन यांचं संयुग. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून करत असत त्या काळ्या शाईचं रसायन हेच, आणि ऐन हा हिरड्याच्याच कुळातला, टॅनिननं भरलेला. समुद्राजवळ 316 प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. त्यातलं मॉलिब्डेनम खाऱ्या हवेत पडणारे खड्डे रोखतं. 304 किनाऱ्यावर डाग धरतं आणि त्याला खड्डेही पडतात.

वॉर्निशचा कडक थर फळीसोबत आकसत-फुगत नाही. तो चिरतो, चिरेतून पाणी जातं आणि थराखाली अडकून बसतं. आत मुरणारं तेल त्यापेक्षा बरं, पण ते वर्षाला पुन्हा द्यावं लागतं आणि त्यानं कूज थांबत नाही, ओल जाण्या-येण्याचा वेग कमी होतो इतकंच. उन्हानं लिग्निन तुटून लाकूड करडं पडतं, तो रंग पृष्ठभागापुरता असतो. त्याची धास्ती घेऊ नये. फळीवरच्या खाचा न घसरण्यासाठी म्हणून विकल्या जातात. त्यांत माती आणि पानं साठून ओल टिकते. मी सपाट फळीच घेईन.

‘आयुष्यभर चिंता नको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाकूड-प्लॅस्टिकच्या फळ्यांचीही तपासणी हवी. त्यांत लाकडाचा भुसा असतो आणि तो पाणी पितो. फ्लोरिडात अशा फळ्यांच्या पदपथावर बुरशी उगवल्याची नोंद 1998 मध्येच शास्त्रीय नियतकालिकात आली आहे. दुसऱ्या टोकाला अमावास्येला तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, ही समजूत. लाकडातला पिठूळ अंश ऋतूनुसार बदलतो आणि भुंगेरे त्याच्याच मागे असतात. म्हणून तोडीचा हंगाम पाहण्यात अर्थ आहे. तिथीमुळे लाकडाचं आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही, आणि तिथी पाहून तोडलेल्या लाकडावरची प्रक्रिया टाळणाऱ्याला वाळवी सूट देत नाही.

वाळवीसाठी सर्वांत मोठा उपाय उंचीचा. खांब जमिनीत पुरू नये. जुन्या वाड्यांत खांबाखाली दगडी तळखडा असतो, तो याचसाठी. चिरा म्हणजे जांभा सच्छिद्र असतो, खालची ओल वर ओढतो, म्हणून चिऱ्यावर खांब ठेवताना मध्ये धातूचं बूड किंवा ओल अडवणारा थर द्यावा. डेकखाली माणसाला वाकून पाहता येईल इतकी, निदान दीड फूट मोकळी जागा हवी आणि तिच्या बाजू फळ्यांनी बंद करू नयेत. वाळवी जमिनीतून वर येताना मातीच्या नळ्या बांधते. खालची जागा उघडी असली की त्या दिसतात.

पाहणीचा हंगाम दसऱ्यानंतरचा, पाऊस ओसरल्यावर पण लाकूड पूर्ण वाळण्याआधीचा. टोकदार पेचकस घ्यावा आणि फळ्यांच्या तोंडांशी, स्क्रूंच्या भोवती, वाशाच्या माथ्यावर जिथे बोट पोचेल तिथे दाबून पाहावा. चांगल्या लाकडात तो रुतत नाही, आणि ढलपी काढली तर लांब, तंतुमय निघते. ढलपी आखूड, ठिसूळ तुकड्यांत मोडली तर ती फळी त्याच हिवाळ्यात बदलावी, आणि तिच्याखालचा वासा उघडा पडला आहे तोवर त्यावर नवी पट्टी लावून घ्यावी.