लर्निंग स्टाइल (नर्सिंग शिक्षण)

लर्निंग स्टाइल म्हणजे कुणाला कसं शिकायला आवडतं ते, म्हणजे बघून, ऐकून, वाचून-लिहून की स्वतः हाताने करून. नर्सिंगमध्ये हा विषय सारखा निघतो कारण इथे वर्गात जेवढं शिकायचं असतं तेवढंच पेशंटच्या कॉटशेजारी उभं राहूनही शिकायचं असतं.

सगळ्यात जास्त चालते ती व्हार्क (VARK) प्रश्नावली, या चारपैकी कुठली पद्धत आवडते ते ती विचारते. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी कोलीन मिल्स यांच्यासोबत १९९२ मध्ये ती मांडली. दुसरं नाव अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांचं, त्यांनी १९८४ मध्ये सांगितलं की माणूस आधी अनुभव घेतो, मग त्यावर विचार करतो, त्यातून नियम काढतो आणि परत करून बघतो. नर्सिंगच्या मुलामुलींना व्हार्क भरायला दिली की करून शिकायला आवडतं म्हणणारे पुष्कळ निघतात, आणि दोन-तीन पद्धती एकदम आवडणारेही बरेच असतात.

पण आवड वेगळी आणि जमणं वेगळं, इथेच लोकांची गल्लत होते. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं, तर आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त समजतं याला पुरेसा पुरावाच मिळाला नाही. खरं तर पद्धत ठरवतो तो विषय. बीपी मोजण्याचंच घ्या, दंडाला बांधलेला पट्टा (कफ) फुगवून हवा हळूहळू सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा आणि आवाज थांबतो तो खालचा, आता चार्ट कितीही आवडत असले तरी हे कानानेच पकडावं लागतं. याउलट ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचंय आणि सलाइनचा सेट १५ थेंबांचा (म्हणजे १ मिलीला १५ थेंब) आहे, तर ५०० गुणिले १५ भागिले २४० मिनिटं, मिनिटाला साधारण ३१ थेंब, हे कागदावर मांडल्याशिवाय पक्कं होत नाही, आणि मग घड्याळ समोर धरून सलाइनच्या नळीवरच्या चेंबरमधले थेंब मोजायचे ते वेगळंच.

नवी मुंबई-ठाण्याकडच्या नेरूळ, कामोठे, कळवा या पट्ट्यात नर्सिंग शिकणाऱ्यांच्या बाबतीत मला भाषेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शहापूर-मुरबाडकडून मराठी मीडियममधून आलेली मुलगी "मला वाचून कळत नाही, करून दाखवा" म्हणते तेव्हा ती तिची स्टाइल असेलच असं नाही, पुस्तकातलं इंग्रजी तिला अडवत असतं. प्रश्नावलीत मात्र ती करून शिकणारी ठरते आणि तिला वाचनापासून सूट मिळते, हे तिचं मोठंच नुकसान आहे, कारण ड्युटीवर केस पेपर, औषधाची ऑर्डर, ड्युटी बदलतानाचा हँडओव्हर सगळं इंग्रजीत वाचावं लागतं. अशा वेळी ट्यूटरने तीच प्रोसिजर आधी मराठीत समजावली, स्किल लॅबमध्ये मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) करून घेतली आणि लगेच तोच पुस्तकातला भाग तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला, तर आधी अडलेले शब्द तिला ओळखीचे वाटायला लागतात.