शेगडी बंद आहे ना? अनिश्चित काळातला मंत्रचळ

२००३ साली नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या मानसशास्त्रज्ञांनी संगणकाच्या पडद्यावर एक गॅसची शेगडी उभी केली. मनाचा कसलाही आजार नसलेल्या विद्यार्थ्यांना बोलावलं आणि सांगितलं, अमुक बर्नर पेटवा, विझवा, मग नीट विझलेत का तपासा. एका गटाने हेच पुन्हापुन्हा केलं. दुसऱ्या गटाला मधल्या वेळात शेगडीऐवजी दिवे तपासायला दिले. शेवटी दोन्ही गटांना शेगडी एकदा तपासायला लावून विचारलं, आत्ता शेवटी कोणते बर्नर तपासलेत?

उत्तरं दोन्ही गटांची जवळपास सारखीच बरोबर होती. पण ज्यांनी शेगडीच वारंवार तपासली होती त्यांना ते चित्र धूसर वाटत होतं, बारकावे आठवत नव्हते आणि स्वतःच्या बरोबर उत्तरावरही त्यांचा भरवसा नव्हता. खात्री व्हावी म्हणून तपासायचं, आणि त्या तपासण्यानेच खात्री झिजवायची, हा प्रकार धडधाकट माणसांच्या बाबतीत तासाभरात घडवता आला. ज्याचं आयुष्यच या चक्रात अडकलंय त्याची कल्पना करा.

आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. हल्ली पुस्तकं ओळीत लावणारा कुणीही ‘मला जरा ओसीडी आहे’ असं सहज सांगून जातो. पण टापटीप आवडणं वेगळं. मंत्रचळात मनात नको असलेला विचार घुसतो, जिवाची घालमेल होते, आणि ती शमवायला माणूस एखादी कृती करतो. धुणं, तपासणं, मोजणं, विचारणं. ही कृती दिसतेच असं नाही. मनातल्या मनात एखादा प्रसंग शंभरदा उजळणं किंवा वाईट शब्द आला की लगेच चांगला शब्द म्हणणं, हेही त्यातच आलं. असे विचार आणि कृती दिवसाचा तासाहून जास्त वेळ खात असतील किंवा रोजचं जगणं अडवत असतील, तर तो आजार. आयुष्यात कधी ना कधी शंभरातल्या दोन-तीन जणांना तो गाठतो.

विचार मात्र जगावेगळे नसतात. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्ये साध्यासुध्या माणसांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी कबूल केलं की असले विचार आपल्यालाही येतात. गच्चीच्या कठड्याशी उभं असताना ‘शेजारच्याला ढकललं तर?’ हा विचार बऱ्याच जणांच्या मनात चमकून जातो. बाकीचे खांदे उडवून पुढे जातात. मंत्रचळ असलेला तिथेच थांबतो आणि ‘मी तसा नाही’ याचा पुरावा शोधायला लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराला ‘शंकेचं वेड’ म्हटलं होतं. मला आजही हेच नाव सगळ्यांत नेमकं वाटतं. भांडण जंतूंशी किंवा कुलपाशी नसतंच, ते असतं शंकेशी.

आता अशा माणसाला अनिश्चित दिवसांत टाका. साथ, युद्धाच्या बातम्या, डळमळलेली नोकरी, घरातल्या कुणाचा न आलेला तपासणीचा अहवाल. लंडनमध्ये २०१६ साली झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना ओळखायचं होतं की पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही. साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका. सगळ्यांत जास्त ताण झटका नक्की बसणार तेव्हा आला नाही. बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी होती, तेव्हा आला. वाईट घडणार हे माहीत असणं माणसाला एकवेळ पेलतं, ‘कदाचित’ पेलत नाही. आणि मंत्रचळ असलेल्याला तर शांत दिवसांतही ‘कदाचित’ सोसत नाही.

अशा दिवसांत मंत्रचळ बळावण्याचं दुसरं कारण मेंदूच्या खोल भागात आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग आणि आतली काही केंद्रकं, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, यांच्यात संदेशांचं एक वर्तुळ फिरत असतं. मंत्रचळात ते नको तितकं तापलेलं दिसतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांना बरेच दिवस ताणात ठेवलं, तेव्हा विचारपूर्वक वागण्याशी निगडित भाग आक्रसला आणि सवयीचा भाग वाढला. पोट भरलेलं असतानाही ते उंदीर खाण्यासाठी खटका दाबत राहिले. मंत्रचळाचे विधी, म्हणजे घालमेल शमवायला पुन्हापुन्हा केलेल्या त्या कृती, निव्वळ सवयी नसतात, त्यांच्यामागे भीती असते. तरी ताणात जुने विधी इतक्या पटकन परत का येतात, याचा थोडा उलगडा यातून होतो. ताणाचा आणि विधीचा विषय एकच असावा लागतो असंही नाही. नोकरीची काळजी लागलेला माणूस रात्री दाराची कडी पंधरा वेळा बघू लागतो. कडीचा नोकरीशी काय संबंध? काहीच नाही.

२०२० च्या साथीत हे उघड दिसलं. ‘हात २० सेकंद धुवा’ हा सल्ला बहुतेकांसाठी एका कामाचा शेवट होता, एकविसाव्या सेकंदाला नळ बंद. धुण्याचा मंत्रचळ असलेल्यांपैकी कित्येकांसाठी तीच सुरुवात ठरली. २० नीट मोजले का? बोटांच्या बेचक्यांत पाणी गेलं का? नळाला पुन्हा हात लागला, आता? सगळ्यांचाच आजार वाढला असं नाही, काहींचा होता तसाच राहिला. पण ज्यांचा वाढला त्यांच्या वाढीला ‘सावधगिरी’ असं सभ्य नाव मिळालं, आणि घरच्यांच्या ते उशिरा लक्षात आलं.

मग अशा दिवसांत करायचं काय? या आजारावर सर्वांत भक्कम पुरावा असलेला मानसोपचार १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर केलेल्या उपचारांतून पुढे आला. भीतीला सामोरं जायचं आणि विधी करायचा नाही. ऐकायला क्रूर वाटतं, पण पायरीपायरीने आणि जाणकार माणसाच्या सोबतीने ते जमतं. अस्वस्थता दर वेळी उतरेलच असं नाही. ती असतानाही निभावतं, हे मेंदूला कळणं जास्त महत्त्वाचं. १९९२ मध्ये लुईस बॅक्स्टर यांच्या गटाने अमेरिकेत मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की अशा वर्तनोपचाराने बरं वाटलेल्यांच्या मेंदूत एका केंद्रकातली जादा धावपळ कमी झाली. फ्लुओक्सेटिन या औषधाने बरं वाटलेल्यांतही नेमकं तेच घडलं होतं.

ताणाच्या काळात नव्या मोठ्या भीतीला हात घालण्याची घाई नको. आहे ती जागा राखली तरी पुष्कळ झालं. सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे मर्यादा बाहेरून घेणं. ‘पुरेसं’ झालं की नाही हे मनाला विचारायचं नाही, कारण नेमकं तेच मोजमाप बिघडलेलं असतं. आरोग्यखात्याची सूचना एकदा वाचायची, उपचारकासोबत किंवा विश्वासातल्या माणसासोबत तिचा साधा नियम कागदावर लिहायचा, आणि रात्री अकरा वाजता त्यात पोटकलमं घालायची नाहीत. विधी अगदीच रोखता येत नसेल तर दहा मिनिटं पुढे ढकलायचा. दहाची वीस झाली तर उत्तम, नाही झाली तर उद्या पुन्हा. फोनवर बातम्या आणि लक्षणं शोधत बसणं हाही तपासण्याचाच विधी आहे, फक्त त्यात हात ओले होत नाहीत. त्यालाही दिवसातली ठरावीक वेळ हवी.

घरच्यांचं काम अवघड. ‘ताई, माझा हात तिथे लागला नाही ना?’ असं धाकट्या भावाने विसाव्यांदा विचारल्यावर ‘नाही रे बाबा, काही होत नाही’ हे तोंडातून सहज निघतं. दोन मिनिटं शांतता, मग एकविसावा प्रश्न. दिलासा हीच इथली शेगडी. पण एके दिवशी अचानक उत्तरं बंद करणं म्हणजे शिक्षाच. आधी, डोकं शांत असताना, दोघांनी मिळून ठरवावं. मग ताई म्हणू शकते, ‘हा प्रश्न शंकेचा आहे, त्याचं उत्तर मी देणार नाही. पण मी इथेच बसते.’

औषधं चालू असतील तर आपल्या मनाने सोडू नयेत. या आजारात ती नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त मात्रेत लागतात आणि पुरता गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात, त्यामुळे चार दिवसांत निकाल लावता येत नाही. जेवणझोप सुटली, घराबाहेर पडणं थांबलं किंवा जगणं नको वाटू लागलं, तर वाट न बघता डॉक्टरांना गाठावं.

उंदरांच्या प्रयोगाला एक पुढचा भाग आहे. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी मोठ्या परीक्षेच्या तयारीने पिचलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तपासलं. त्यांचंही वागणं सवयीकडे झुकलेलं होतं. परीक्षा संपून सहा आठवडे गेल्यावर पुन्हा पाहिलं, तर ते पूर्ववत झालं होतं. मंत्रचळात इतकं सोपं नसतं. ताण ओसरतो, पण त्या काळात वाढवून घेतलेले विधी आपणहून परत जात नाहीत. तीनदाचं तपासणं तेरावर गेलं असेल तर ते एकेक करून खाली आणावं लागतं. निदान तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना घरात कुणाच्या तरी ते ध्यानात आलं, तर पुढचं बरंच काम वाचतं.