ऑनलाइन अभ्याससमुदाय (विज्ञान शिक्षण)

विज्ञानाच्या अवघड अभ्यासक्रमात अडकलेले विद्यार्थी, तो टप्पा ओलांडून पुढे गेलेले विद्यार्थी, शिक्षक आणि केवळ आवडीपोटी उत्तरे देणारे जाणकार यांचे इंटरनेटवर जमलेले मंडळ. विचारणारा आणि सांगणारा यांची बहुधा ओळख नसते, पैशांचा व्यवहार नसतो आणि झालेली चर्चा पुष्कळदा सर्वांना वाचण्यासाठी तशीच राहते. खाजगी शिकवणी आणि शुल्क घेऊन तयार उत्तरे पुरवणाऱ्या सेवा यांच्याहून हे समुदाय या बाबतींत वेगळे आहेत. त्यांच्याकडे सर्वाधिक गर्दी होते ती यामिकी (बल आणि गती यांचे शास्त्र), कलन (कॅल्क्युलस), सेंद्रिय रसायन यांसारख्या विषयांसाठी, म्हणजे जिथे पाठांतर थांबते आणि आधीचा धडा कच्चा असेल तर पुढचा उभाच राहत नाही अशा विषयांसाठी.

पार्श्वभूमी : सोबतीने अभ्यास केल्याने काय साधते हे इंटरनेट घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी दिसून आले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात १९७० च्या दशकात गणित शिक्षणाचे अभ्यासक उरी ट्रीझमन यांनी कलन शिकणाऱ्या २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनतीत कुठेच कमी नव्हते, पण ते एकेकटे अभ्यास करत. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी आपापले गणित सोडवत, मग एकत्र बसून वह्या ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. एखादे उदाहरण कोणालाच सुटले नाही, तर ते मुळात अवघड आहे हे त्यांना कळे. एकट्या बसलेल्याला मात्र तीच अडचण स्वतःच्या बुद्धीची कमतरता वाटे. या निरीक्षणातून ट्रीझमन यांनी गटाने अवघड प्रश्न सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि तेथील विद्यार्थ्यांच्या निकालात ठळक सुधारणा झाली. ऑनलाइन समुदायांचे खरे मूळ या वह्या ताडण्यात आहे, असे मानायला हरकत नाही. ज्याच्या वर्गात, वसतिगृहात किंवा गावात असा गट नाही, त्याला तो इथे मिळतो.

वाटचाल : १९८० साली सुरू झालेल्या यूजनेट या संगणकांवरील चर्चागटांच्या जाळ्यावर भौतिकीच्या चर्चेची स्वतंत्र जागा होती. तिथे वारंवार येणाऱ्या प्रश्नांची स्वयंसेवकांनी जुळवलेली उत्तरावली पुढे अनेक वर्षे वाचली गेली. १९९४ मध्ये अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयातून ‘आस्क डॉक्टर मॅथ’ हा उपक्रम सुरू झाला. शाळकरी मुले गणिताची शंका पाठवत आणि महाविद्यालयीन विद्यार्थी उत्तर लिहीत. ‘फिजिक्स फोरम्स’ हे भौतिकीच्या चर्चेचे संकेतस्थळ २००१ मध्ये आले. स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांच्या कुटुंबातील गणित आणि भौतिकीच्या शाखा २०१० मध्ये उघडल्या, रसायनाची २०१२ मध्ये. त्यानंतर रेडिट, डिस्कॉर्ड, टेलिग्राम आणि व्हॉट्सॲप यांच्यावर असंख्य लहानमोठे गट उभे राहिले.

गणिती मजकूर पडद्यावर नीट दिसण्याचा प्रश्न मोठा होता. डोनाल्ड कनुथ यांनी १९७० च्या दशकाअखेर तयार केलेली टेक ही अक्षरजुळणी प्रणाली आणि तिची चिन्हे संकेतस्थळावर दाखवणारे मॅथजॅक्स यांमुळे अपूर्णांक, मुळे, संकलके वहीत लिहावीत तशी लिहिता येऊ लागली.

मदतीची रीत : चांगल्या समुदायाची पहिली अट एकच असते, ती म्हणजे आधी स्वतःचा प्रयत्न दाखवा. फिजिक्स फोरम्सच्या गृहपाठ विभागात अनेक वर्षे एक ठरलेला साचा भरावा लागे : प्रश्न आणि दिलेल्या राशी, संबंधित सूत्रे, स्वतः केलेला प्रयत्न. तिसरा रकाना कोरा असेल तर मदत मिळत नसे आणि मदत करणाऱ्यालाही पूर्ण उत्तर लिहून देण्याची मुभा नसे. नव्या विद्यार्थ्याला ही अट कठोर वाटते, पण सारे काम तीच करते. शिकण्याच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यामिकीची सोडवलेली उदाहरणे वाचताना प्रत्येक पायरी का आली हे स्वतःलाच समजावत जाणारे विद्यार्थी पुढचे प्रश्न सोडवण्यात सरस ठरले होते. अनोळखी वाचकासाठी प्रयत्न मांडताना नेमके हेच घडते. कित्येकांना तर प्रश्न पूर्ण लिहून होण्याआधीच चूक सापडते.

एक नेहमीचे उदाहरण पाहू. महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात वळणावरचा रस्ता बाहेरच्या बाजूने उंच का करतात हे शिकवले जाते. घर्षण नाही असे धरल्यास तिथे N cosθ = mg येते (N म्हणजे पृष्ठभागाने लंब दिशेत दिलेले बल, mg म्हणजे वजन, θ म्हणजे उताराचा कोन). उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचे N = mg cosθ हे समीकरण विद्यार्थ्याच्या हाती बसलेले असते. दोन्ही आकृत्या सारख्याच दिसतात, मग कोसाइन डावीकडून उजवीकडे कसा जातो? उत्तर पाठ करून परीक्षा निभावते, गोंधळ तसाच राहतो. जाणकार मदतनीस इथे सूत्र सांगत नाही. तो उलट विचारतो, “या गाडीचे त्वरण कोणत्या दिशेला आहे?” मग विद्यार्थ्याच्या ध्यानात येते की ठोकळ्याचे त्वरण उताराच्या दिशेने असते, म्हणून पृष्ठभागाला लंब दिशेत बलांचा समतोल मांडायचा. गाडीचे त्वरण मात्र वर्तुळाच्या केंद्राकडे, म्हणजे आडवे असते, म्हणून समतोल उभ्या दिशेत. एवढ्या एका प्रश्नाने दोन्ही प्रकरणे कायमची सुटतात. वर्गात ८०-१०० मुले असताना शिक्षकाला असा उलटप्रश्न प्रत्येकाला विचारणे शक्य होत नाही.

सेंद्रिय रसायनात अडचणीचे स्वरूप निराळे असते. इलेक्ट्रॉनांची हालचाल वक्र बाणांनी दाखवताना पुष्कळ विद्यार्थी बाण प्रोटॉनपासून सुरू करतात. प्रत्यक्षात तो इलेक्ट्रॉनांच्या जोडीपासून निघायला हवा. वहीच्या पानाचा फोटो टाकला की अनुभवी डोळ्याला ही चूक तत्काळ दिसते. अभिक्रियांची लांबलचक यादी घोकणाऱ्या विद्यार्थ्याला बाण सुधारल्यावर त्यातल्या निम्म्या अभिक्रिया एकाच कुळातल्या आहेत हे उमगू लागते.

लिहिणाऱ्यांपेक्षा नुसते वाचणारे नेहमीच जास्त असतात. हात वर करून विचारायला संकोचणारा विद्यार्थी दुसऱ्या कोणी पूर्वी विचारलेली आपलीच शंका वाचतो. शिवाय पहिल्या चाचणीत नापास झालेले आणि नंतर सावरलेले विद्यार्थी आपण काय बदलले ते लिहून ठेवतात. हा धीर पाठ्यपुस्तकात मिळत नाही आणि तो वैज्ञानिक उत्तराइतकाच मोलाचा आहे.

मदत आणि नक्कल : या दोहोंतील सीमेवरून गाजलेले प्रकरण २००८ मध्ये टोरँटोच्या रायरसन विद्यापीठात (आताचे टोरँटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ) घडले. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी रसायनशास्त्राच्या गृहपाठासाठी फेसबुकवरील गट चालवत होता आणि गटात १४६ सहाध्यायी होते. गृहपाठ स्वतंत्रपणे करायचा होता, या कारणाने त्याच्यावर गैरवर्तनाचे १४७ आरोप ठेवले गेले : एक गट चालवल्याचा आणि प्रत्येक सभासदामागे एकेक. ग्रंथालयात एकत्र बसून करतो तेच आम्ही इथे केले, अशी त्याची बाजू होती. अखेर विद्यापीठाने त्याला काढून टाकले नाही, त्या गृहपाठाचे गुण मात्र शून्य केले. एवढ्या आरोपांचा डोंगर अन्यायकारक होता, असेच म्हणावे लागते. तरीही गटाने पायऱ्या समजावणे आणि गटात उत्तरे वाटणे यांतला फरक कोणीतरी राखावा लागतो. म्हणूनच गंभीर समुदाय चालू स्पर्धेतील प्रश्नांची चर्चा रोखून धरतात आणि नुसते उत्तर मागणारे प्रश्न बंद करतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर या कामाला नवा ताण आला. त्याने लिहिलेली उत्तरे सफाईदार पण पुष्कळदा चुकीची असल्याने स्टॅक एक्स्चेंजच्याच कुटुंबातील, संगणक प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच ती टाकण्यास मनाई केली.

भारत आणि महाराष्ट्र : आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटेल या ऑनलाइन अध्यापन उपक्रमाच्या अभ्यासक्रमांना चर्चेची जागा जोडलेली असते आणि तिथे अध्यापन-साहाय्यक शंकांना उत्तरे देतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा आधार मात्र मुख्यतः टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपचे गट हाच आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला अकरावी विज्ञानात बहुतांश अध्यापन इंग्रजीतून मिळते. विषय डोक्यात असतो, पण शंका इंग्रजीत मांडता येत नाही म्हणून तो वर्गात गप्प राहतो. गटावर तोच मुलगा रोमन लिपीत मराठी लिहून, मध्ये इंग्रजी संज्ञा पेरून, वहीचा फोटो जोडून मोकळेपणाने विचारतो आणि एखादा सिनिअर व्हॉइस नोटवर मराठीतून समजावतो. ही मदत अस्सल आहे. पण बंद गटातली ही चर्चा शोधून सापडत नाही आणि बॅच बाहेर पडली की गट थंडावतो. त्यामुळे वळणाच्या रस्त्याची तीच शंका पुढच्या जूनमध्ये नव्या गटावर पुन्हा पहिल्यापासून समजवावी लागते. मराठीतली अशी उत्तरे खुल्या जागी साठवून ठेवण्याचे काम अजून मोठ्या प्रमाणावर व्हायचे आहे.