हॉट टबचं कव्हर उचलल्यावर येणारा वास

डेन्व्हर किंवा टोरांटोसारख्या बर्फाच्या गावांत घरामागच्या अंगणात हॉट टब, म्हणजे बसायला गरम पाण्याचा मोठा टब, असणं फारसं नवलाचं नाही. शनिवारी चार पाहुणे त्यात तासभर बसून जातात. रात्री वर कव्हर पडतं. सोमवारी ते उचललं की नाकात असा झणका जातो की डोळ्यांत पाणी यावं. "क्लोरिन जास्त झालंय वाटतं," म्हणून यजमान पुढचे दोन दिवस क्लोरिन टाकतच नाहीत. निदान नेमकं उलटं आहे. तो वास बहुतेक वेळा क्लोरिन कामी येऊन संपत आल्याचा असतो.

पाण्यातलं मोकळं, म्हणजे अजून कशाशी न जोडलेलं, क्लोरिन घामातल्या अमोनिया आणि युरियासारख्या नायट्रोजनयुक्त पदार्थांना चिकटलं की क्लोरामाइनं तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात थांबायला फारसं राजी नसतं, ते वायू होऊन वर येतं. डोळे चुरचुरतात ते याच्यामुळे. आणि टबात हे फार लवकर घडतं. साधारण दीड हजार लिटर पाण्यात चार जण बसले, तर माणशी पावणेचारशे लिटर पाणी आलं. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल ऑलिंपिक तलावात २५ लाख लिटर पाणी मावतं. तिथे तेवढीच दाटी करायची तर साडेसहा हजारांवर माणसं उतरवावी लागतील! शिवाय ४० अंश सेल्सिअसला माणूस घामही भरपूर गाळतो.

उघड्या तलावावरून हा वायू वाऱ्याबरोबर निघून जातो. कव्हरखाली मात्र पाणी आणि कव्हरचा फोम यांच्यामध्ये काही बोटांचीच पोकळी असते. वायू तिथेच साठतो, कव्हरच्या आतल्या बाजूचं व्हिनाइल खातो आणि कव्हर उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो.

गंमत अशी, की वायू कोंडून धरण्याचा हाच गुण दुसऱ्या एका वायूच्या बाबतीत उपकारक ठरतो. टबाच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं आणि त्याच्याबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, बाहेरच्या हवेशी तोल साधायला हवा त्याहून जास्तच. त्यामुळे तो सतत निसटायला बघतो. जेट चालू करून पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणं म्हणजे सोड्याची बाटली हलवण्यासारखंच. कार्बन डायऑक्साइड गेला की पाण्यातलं आम्ल कमी होतं आणि पीएच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू, वर चढतो. कव्हर बंद असलं की वरच्या पोकळीत हा वायू साठतो, पाण्यातून नवा निघायची घाई कमी होते आणि सामू बराच स्थिर राहतो.

सामूची एवढी काळजी कशाला? कारण क्लोरिनची मारकशक्ती त्यावर ठरते. जंतू मारण्याचं खरं काम हायपोक्लोरस आम्ल करतं. सामू ७.५च्या आसपास असताना मोकळ्या क्लोरिनपैकी साधारण निम्मं या रूपात असतं. ८ला ते पाव हिश्श्याच्या जवळ येतं. उरलेलं हायपोक्लोराइट आयनाच्या रूपात असतं आणि ते बरंच मंद आहे. म्हणजे पाणी तपासायच्या पट्टीवर क्लोरिनचा आकडा तोच, पण धार निम्मी.

आता ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण हायपोक्लोराइट फोडतात. उघड्या तलावात भर दुपारी काही तासांत बहुतेक क्लोरिन नाहीसं होतं. त्यावर उपाय म्हणून तलावात सायन्युरिक आम्ल टाकतात. ते क्लोरिनला धरून ठेवतं, उन्हातल्या छत्रीसारखं. पण कव्हर लावलेल्या टबात ऊन शिरतंच कुठे? तरीही टबासाठी सर्रास वापरली जाणारी क्लोरिनची डायक्लोर पावडर प्रत्येक चमच्याबरोबर ही छत्री पाण्यात सोडते. १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) क्लोरिनमागे सुमारे ९ पीपीएम सायन्युरिक आम्ल जमा होतं. ते उडून जात नाही, झिजत नाही, साठत राहतं आणि क्लोरिनचे हात बांधून ठेवतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने हॉट टबात सायन्युरिक आम्ल नको असं म्हटलं आहे ते उगाच नाही. त्यांच्या सल्ल्यानुसार टबात मोकळं क्लोरिन किमान ३ पीपीएम आणि सामू ७.० ते ७.८ असावा. ब्रोमिन वापरणाऱ्यांना थोडं सोपं जातं: ब्रोमामाइनं कमी झोंबतात आणि जंतूंशी लढतही राहतात.

बाष्पीभवन थांबतं हा कव्हरचा सगळ्यांना माहीत असलेला फायदा. एक लिटर पाणी उडालं की दीड हजार लिटरचा टब जवळजवळ ०.४ अंशांनी थंड होईल एवढी उष्णता घेऊन जातं. क्षार मात्र मागेच राहतात आणि नळाचं क्षारयुक्त पाणी भरत गेलं की हीटरवर पांढरा थर चढतो.

पण कव्हर क्लोरिन राखतं, तयार करत नाही. ते संपलं की उरतं कोमट, अंधारं, शांत पाणी, न्यूमोनिया करणाऱ्या लिजिओनेला जीवाणूंना अगदी मानवणारं. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात दोनशेच्या घरात माणसं लिजिओनेलाने आजारी पडली आणि वीसहून अधिक दगावली. संशयाचं बोट मांडून ठेवलेल्या हॉट टबकडे गेलं. त्यात कुणी आंघोळ करत नव्हतं. लोक नुसते जवळून जात होते, तुषार श्वासात घेत.

तर सोमवारच्या त्या यजमानांनी क्लोरिन बंद करायचं नाही, उलट भरपूर टाकायचं; त्याने क्लोरामाइनं फुटतात. मात्र त्यानंतर कव्हर काढून पंप अर्धा तास चालू ठेवायचा, म्हणजे फुटलेल्या क्लोरामाइनांचे वायू बाहेर पडतील. मोकळं क्लोरिन खाली येऊन पट्टी पुन्हा खरं सांगू लागली, की त्यांना सामू थोडा चढलेला दिसेल. वास ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने कार्बन डायऑक्साइडही गेलेला असतो.