मदरबोर्डवर खापर फोडण्याआधी

‘जुना लॅपटॉप कधी सुरू होतो, कधी नाही, म्हणजे मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला, भंगारात द्या.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कधीकधी तो खराही ठरतो, पण हे निदान सगळ्यात शेवटी यायला हवं.

चार्जिंगचा दिवाच लागत नाही? दुसरा प्लग, मग त्याच व्होल्टेजचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा? एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. तिथे चित्र आलं तर बोर्ड बहुधा ठीक, दोष स्क्रीनकडे.

काहीच हालचाल नसेल तर चार्जर आणि निघत असल्यास बॅटरी काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. साठलेला चार्ज निघून जातो. मग नुसत्या चार्जरवर सुरू करा. झाला, आणि बॅटरी लावताच पुन्हा अडला, तर संशय बॅटरीवर. (फुगलेली बॅटरी मात्र पुन्हा लावूच नका.)

ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर हवा दमट. त्यामुळे रॅमच्या (मेमरीच्या) पट्टीची टोकं मळतात. ती पुसून नीट बसवली की पुष्कळ लॅपटॉप मुकाट सुरू होतात. आणि तारीख दरवेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा ३ व्होल्टचा गोल सेल बदला. तो स्वस्तात मिळतो.