कर्नल अपग्रेडनंतर रिमोट का रुसतो

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक लावून केलेल्या टीव्हीपेटीचा कर्नल (हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा) अपग्रेड झाला की चित्र येतं, आवाज येतो, फक्त रिमोट चालत नाही. बहुतेक जण आधी सेल बदलतात. त्याऐवजी रिमोटचं तोंड मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. फिकट जांभळा ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. (मागच्या कॅमेऱ्यावर बहुधा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळे तिथे काही दिसलं नाही तरी घाबरू नका.) हा प्रकाश साधारण 940 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा.

बटण दाबलं की बहुतेक रिमोटचा एलईडी सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकतो. पेटीला जोडलेला रिसीव्हर ही लुकलुक गाळून फक्त 'प्रकाश आहे' आणि 'प्रकाश नाही' अशा पट्ट्या पुढे पाठवतो. एनईसी या रिमोट-संकेतांच्या पद्धतीत आधी 9 मिलिसेकंदांचा प्रकाश, मग 4.5 मिलिसेकंदांची शांतता, त्यानंतर 32 बिट. प्रत्येक बिटाचा प्रकाश 560 मायक्रोसेकंदांचाच. पुढची शांतता तेवढीच असली तर शून्य आणि तिप्पट असली तर एक. या पट्ट्या मोजतो कोण, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पूर्वी ते काम एलआयआरसी नावाचा बाहेरचा प्रोग्रॅम करायचा. 2010च्या सुमारास कर्नलमध्येच या पट्ट्यांचा अर्थ लावणारे डीकोडर आले आणि जुनी जोडणी हळूहळू मागे पडली.

रास्पबेरी पायवर याचा फटका 4.19 कर्नलला बसला. 'एलआयआरसी-आरपीआय' हा ड्रायव्हर (रिसीव्हर चालवणारा कर्नलचा भाग) गेला आणि त्याच्या जागी 'जीपीआयओ-आयआर' आला. सेटिंग असलेल्या कॉन्फिग डॉट टीएक्सटी फाइलमध्ये जुन्या ड्रायव्हरची ओळ तशीच राहिली, तर पेटी विनातक्रार सुरू होते, पण रिसीव्हरचं उपकरण तयारच होत नाही. नवी ओळ अशी: डीटीओव्हरले=जीपीआयओ-आयआर,जीपीआयओ_पिन=17 (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची). 17 ही रिसीव्हरचं आउटपुट जोडलेली पिन; ती दिली नाही तर 18 धरली जाते. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल बूट फोल्डरच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरात असते. जुन्या जागी बदल करून 'काहीच फरक पडला नाही' म्हणणारे बरेच.

पेटी रीस्टार्ट करून 'आयआर-कीटेबल' ही आज्ञा द्या. इथे एक सापळा आहे. नव्या कर्नलमध्ये एचडीएमआयसुद्धा टीव्हीच्या रिमोटसाठी आपली 'आरसी' (रिमोट कंट्रोल) उपकरणं नोंदवतं. त्यामुळे कालचा आरसी0 आज आरसी2 असू शकतो. यादीत ड्रायव्हरसमोर 'जीपीआयओ_आयआर_आरईसीव्ही' लिहिलेला क्रमांक शोधा आणि त्याच आज्ञेच्या एस पर्यायाने तोच निवडा. मग पी पर्यायाने सगळे प्रोटोकॉल (एनईसीसारख्या पद्धती) सुरू करून टी पर्यायाने चाचणी घ्या. बटणागणिक स्कॅनकोड (रिमोटने त्या बटणासाठी पाठवलेला क्रमांक) उमटला तर वायरिंग, रिसीव्हर, ड्रायव्हर सगळं ठीक. उरला फक्त कीमॅप, म्हणजे कोणत्या स्कॅनकोडला कोणती की हे सांगणारी फाइल.

काहीच उमटलं नाही तर मात्र जोडणीकडे वळा. अपग्रेडच्या गडबडीत रिसीव्हरही बदलला असेल, तर आधी त्याच्यावरचा क्रमांक वाचा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला टीएसओपी 1738 आणि टीएसओपी 38238 दिसायला सारखेच, पण त्यांच्या तीन पिनांचा क्रम वेगळा. पहिल्यात क्रम ग्राउंड, पुरवठा, आउटपुट. दुसऱ्यात आउटपुट, ग्राउंड, पुरवठा. शिवाय 1738 ला 5 व्होल्ट लागतात आणि त्याचं आउटपुटही तेवढ्यावर जातं. रास्पबेरी पायच्या पिनांना 3.3 व्होल्टच सोसतात. 38238 मात्र 3.3 वर नीट चालतो, तोच घ्यावा. पुरवठ्याच्या वायरीत 100 ओहमचा रेझिस्टर आणि रिसीव्हरजवळ 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की खोटे सिग्नल कमी होतात. कोथरूडच्या पश्चिमेकडच्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट रिसीव्हरवर पडत असेल तर रिमोटचा पल्ला कमी होतो; त्याचा दोष कर्नलला देऊ नये.

स्कॅनकोड येतात, पण एकदा दाबलं की मेन्यू दोन घरं सरकतो? एलआयआरसी आणि कर्नल दोघंही तोच दाब डीकोड करून पाठवतायत. एकाला थांबवा. साध्या एनईसी रिमोटसाठी कर्नलचा डीकोडर पुरेसा आहे, एलआयआरसीची सेवा बंद केलेली बरी.

बाण आणि आवाजाची बटणं चालतात, पण ओके चालत नाही, ही तक्रार वेगळीच. लिनक्समध्ये 'की_ओके'चा क्रमांक 352 आहे, आणि स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी जुनी एक्स11 यंत्रणा 255 च्या वरचे कीकोड घेतच नाही. चाचणीत कोड बरोबर दिसतो, स्क्रीनवर काही घडत नाही. कीमॅपमध्ये त्या स्कॅनकोडपुढे 'की_एंटर' लिहा, क्रमांक 28. आकड्यांच्या बटणांनाही 'की_न्यूमेरिक' ऐवजी साधे 'की_1', 'की_2' द्या. बदललेली फाइल डब्ल्यू पर्यायाने चढवली की लगेच लागू होते; रीस्टार्टनंतर टिकावी म्हणून तिचं नाव ईटीसी फोल्डरातल्या आरसी_मॅप्स डॉट सीएफजी फाइलमध्ये ड्रायव्हरच्या नावापुढे नोंदवावं लागतं.